लग्नानंतरही न बदलणारं नाव

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे, त्यांना एक गोष्ट नक्की आठवत असेल. पूर्वी घरात रेडिओ असला की त्याचं लायसन्स काढावं लागायचं. पोस्टात जायचं, पैसे भरायचे, छोट्याशा पुस्तकात शिक्का मारून घ्यायचा. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत असं एक पुस्तक बरीच वर्षं होतं. नुसतं 'आपली आवड' ऐकायला लायसन्स कशाला, असं आजी नेहमी कुरकुरायची. ऐंशीच्या दशकात ती पद्धत बंद झाली आणि आपण सगळ्याजणी ते विसरूनही गेलो.

पण रेडिओवर बोलायचं असेल तर? स्वतःच्या घरातून, स्वतःच्या आवाजात, दूरच्या गावातल्या किंवा दुसऱ्या देशातल्या माणसाशी? त्याला मात्र आजही सरकारची परवानगी लागते. परीक्षा द्यावी लागते, चौकशी होते आणि मग सरकार तुम्हाला एक नाव देतं. या छंदाचं नाव 'अमॅच्युअर रेडिओ', बोली भाषेत 'हॅम रेडिओ'. हौशी बिनतारी संदेशवहन म्हणा हवं तर. आज मी तुम्हाला त्या लायसन्सबद्दलच सांगणार आहे. मी त्याच्याकडे पाहायला लागले ते माझ्या मावसबहिणीमुळे.

पोलीस का आले होते गं?

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तालुक्याच्या गावी वाढलेली, बीएस्सी फिजिक्स. कॉलेजातल्या एका सरांना हॅमचं वेड होतं. त्यांच्याकडे जाऊन ही मोर्स शिकली. मोर्स म्हणजे आपलं ते 'कट्ट-कड', तारवाले वापरायचे ते. भाजी चिरताना सुद्धा विळीवर तिचं डिट-डा-डिट चालायचं. मावशी म्हणायची, "हिला काहीतरी झालंय."

१९९६ साली तिनं परीक्षा दिली आणि पास झाली. मग लायसन्ससाठी अर्ज केला. काही महिन्यांनी दारात पोलीस! चौकशीला आले होते. मुलगी कोण, काय करते, घरचे लोक कसे आहेत. काका शांतपणे उत्तरं देत होते, पण गल्लीत कुजबुज सुरू झालीच. "पोलीस का आले होते गं तुमच्याकडे?" लग्नाच्या वयाची मुलगी घरात. मावशीला तर धडकीच भरली.

पुढच्याच वर्षी ताईचं लग्न झालं. आणि लायसन्स आलं ते लग्नानंतर, माहेरच्या पत्त्यावर. काकांनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिवाळीला तिच्या हातात दिलं. ताईनं वाचलं. त्यावर स्टेशनचा पत्ता होता माहेरचा. नियमाप्रमाणे हॅमचं स्टेशन लायसन्सवर लिहिलेल्या जागेवरूनच चालवायचं असतं. कायमची जागा बदलली तर सरकारला कळवून लायसन्समध्ये तशी दुरुस्ती करून घ्यावी लागते. म्हणजे काम एका अर्जाचं. पण नव्या नवरीनं सासरच्या गच्चीवर तार बांधायची, त्यासाठी सरकारला अर्ज करायचा, आणि कदाचित पुन्हा पोलीस यायचे, हे बोलायचं कुणाकडे? ताईनं लायसन्स साडीच्या घडीत ठेवून दिलं. त्याची मुदत कधी संपली ते तिलाही कळलं नाही.

आपल्यापैकी कितीजणींची अशी सर्टिफिकेटं कपाटात पडून असतील! टायपिंगचं, शिवणाचं, गाण्याच्या परीक्षांचं. ताईची गोष्ट मात्र इथे संपली नाही. ती पुढे सांगतेच. आधी एक प्रश्न.

सरकारला एवढी काळजी कशाची?

हवा सगळ्यांची आहे, मग हवेतून बोलायला परवाना कशाला? मीही ताईला हेच विचारलं होतं. ती म्हणाली, "अगं, एकाच नळावर सगळ्या गल्लीनं भांडी लावली तर काय होईल?" रेडिओच्या लहरींचंही तसंच. विमानं, जहाजं, पोलीस, लष्कर, आकाशवाणी, मोबाइल, सगळ्यांना जागा हवी. म्हणून प्रत्येकाला ठरावीक पट्टे वाटून दिलेले असतात. हॅम मंडळींनाही त्यांचे पट्टे आहेत. ते सोडून दुसरीकडे गेलं की कुणाच्या तरी कामात अडथळा. विमान उतरवणाऱ्याच्या कानात आपल्या गप्पा गेल्या तर?

हे झालं एक कारण. दुसरं कारण भीतीचं. आणि ती भीती किती जुनी आहे, हे मुंबईत १९४२ साली दिसलं.

दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर इंग्रज सरकारनं हौशी रेडिओवाल्यांचे परवाने रद्द केले. आपापले सेट जमा करा, असा हुकूम निघाला. नरीमन प्रिंटर नावाच्या एका हॅमनं मात्र सगळं सामान जमा केलं नाही. पुढे 'चले जाव'च्या चळवळीत कॉंग्रेस रेडिओ उभा राहिला, तेव्हा ट्रान्समीटर तयार करण्याचं त्यांचं ज्ञान कामी आलं. आणि त्या रेडिओवर बोलणारी मुलगी होती बावीस वर्षांची उषा मेहता. २७ ऑगस्ट १९४२ ला ४२.३४ मीटरवर तिचा आवाज पहिल्यांदा घुमला. पोलिसांना माग लागू नये म्हणून ही मंडळी मुंबईत जागा बदलत राहायची. पेपरात छापता येत नव्हतं ते इथून सांगितलं जायचं. १२ नोव्हेंबरला ती पकडली गेली. चार वर्षांची शिक्षा झाली आणि पुण्याच्या येरवडा तुरुंगात तिनं दिवस काढले. १९४६ मध्ये सुटका झाली. १९९८ साली याच उषाताईंना आपल्या सरकारनं पद्मविभूषण दिलं.

म्हणजे बघा, लायसन्स नसलेला एक रेडिओ आणि एक मुलगी, तर एवढ्या मोठ्या साम्राज्याला घाम फुटला! सरकार कुठलंही असो, कोण कुठून बोलतंय हे त्याला माहीत हवं असतं. पोलीस चौकशीमागची गोम ही. स्वतंत्र भारतातही तार खात्याचा १८८५ चा कायदा आणि बिनतारीचा १९३३ चा कायदा कितीतरी वर्षं तसेच चालू राहिले. हौशी रेडिओचे वेगळे नियम १९७८ साली झाले.

अंदमानातला आवाज

आता दुसरी गोष्ट. ही लायसन्स असलेल्या बाईची.

भारती प्रसाद दिल्लीत राहणाऱ्या. हॅमच्या जगात त्यांची ओळख व्हीयू२आरबीआय. त्यांना अंदमानातून रेडिओ चालवायचा होता. पण तिथे १९८७ नंतर हॅमना परवानगीच मिळत नव्हती. सीमेवरची, लष्कराच्या दृष्टीनं नाजूक बेटं. वर्षामागून वर्षं गेली. बाईंनी पाठपुरावा सोडला नाही. शेवटी २००४ मध्ये परवानगी मिळाली. डिसेंबरच्या सुरुवातीला हैदराबादच्या राष्ट्रीय अमॅच्युअर रेडिओ संस्थेच्या मदतीनं त्या सहकाऱ्यांबरोबर पोर्ट ब्लेअरला पोहोचल्या. हॉटेलात स्टेशन लावलं. खास या मोहिमेसाठी मिळालेली ओळख होती व्हीयू४आरबीआय. जगभरातले हॅम अंदमानशी बोलायला इतकी वर्षं आसुसलेले, त्यामुळे रात्रंदिवस हाका येत होत्या.

२६ डिसेंबरची सकाळ. साडेसहाच्या सुमाराला समुद्राखाली भयंकर भूकंप झाला. मागोमाग त्सुनामी. वीज गेली, टेलिफोन बंद. मुख्य भूमी हजार किलोमीटरहून लांब. निकोबारच्या बेटांवर नेमकं काय झालंय हे कुणालाच कळेना. भारतीबाईंनी छंदाचं काम तिथेच थांबवलं आणि स्टेशन मदतीच्या कामाला जुंपलं. कोण सुखरूप आहे, कुणाचा पत्ता लागत नाही, औषधं कुठे हवीत, असे निरोप त्यांच्या रेडिओवरून मुख्य भूमीकडे जायला लागले. सर्वांत जास्त हानी झालेल्या कार निकोबारला त्यांचे सहकारी सेट घेऊन गेले. तिथून पोर्ट ब्लेअर, पोर्ट ब्लेअरहून पुढे भारतभरचे हॅम, अशी साखळी झाली. मुलगा जिवंत आहे, एवढे तीन शब्द कुठल्या तरी आईपर्यंत पोहोचवायला त्या दिवशी दुसरा मार्ग नव्हता.

यात नियमाचा एक मुद्दा आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. एरवी हॅमला दुसऱ्या कुणाचे निरोप पोहोचवायला मनाई असते. तुम्ही स्वतःपुरतं बोलायचं. शेजारणीचा निरोप सुद्धा द्यायचा नाही. कारण तो व्यवसाय तार-टेलिफोन खात्याचा. पण संकटाच्या वेळी, सरकारी मदतकार्यासाठी, त्याच नियमांनी ही मुभा ठेवली आहे. भारतीबाई त्या दिवशी कायद्याच्या आत राहून काम करू शकल्या, आणि सरकारी अधिकारीही त्यांच्याकडे विश्वासानं जाऊ शकले, ते हातात परवाना होता म्हणून. परवानगी एक महिना उशिरा मिळाली असती तर ती खोली रिकामी असती.

नंतर सरकारचीही नजर बदलली. २००६ च्या एप्रिलमध्ये पोर्ट ब्लेअरला हॅम मंडळींचा मोठा मेळावा झाला. परदेशातून पाहुणे आले. पुढच्या वर्षी लक्षद्वीपमध्येही तसंच झालं.

आपल्याकडे १९९३ च्या लातूर भूकंपात आणि २००१ च्या कच्छ भूकंपात हॅम धावून गेले होते. बंगालमध्ये तर वेस्ट बंगाल रेडिओ क्लबची मंडळी गंगासागरच्या जत्रेत हरवलेल्या माणसांना घरी पोहोचवण्याचं काम करतात. त्यात म्हाताऱ्या बायका किती असतात, सांगायला नको. गावाचं नाव धड सांगता येत नाही, भाषा कळत नाही, कधीकधी घरच्यांनीच सोडून दिलेलं असतं. हे हॅम गावोगावच्या ओळखीतून घर शोधून काढतात.

नंबर प्लेट आणि हिशेबाची वही

तर या लायसन्समध्ये असतं काय? सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कॉल साइन. आपल्या गाडीला 'एमएच' आणि पुढे नंबर असतो ना, तसंच. भारतातल्या हॅमचं कॉल साइन व्हीयूनं सुरू होतं, पुढे एक आकडा आणि मग दोन किंवा तीन अक्षरं. राजीव गांधींचं होतं व्हीयू२आरजी, सोनिया गांधींचं व्हीयू२एसओएन. एक कॉल साइन जगात एकाच माणसाचं. बोलायला सुरुवात करताना आणि संपवताना ते सांगायचंच.

गंमत बघा. लग्नानंतर आपलं आडनाव बदलतं, काही घरांत नाव सुद्धा बदलतं. रेशनकार्ड, बँक, मतदार यादी, सगळीकडे खेटे घालायचे. कॉल साइन मात्र तेच राहतं. त्यात वडिलांचं नाव नाही, नवऱ्याचं नाही. पत्ता तेवढा कळवायचा. ताई हसत म्हणते, "मी नेमकं तेवढंच केलं नाही!"

बाकीचे नियम साधे आहेत. धंद्याचं बोलायचं नाही. म्हणजे पापडाची ऑर्डर घ्यायची नाही! गाणी लावायची नाहीत, भाषणं ठोकायची नाहीत. सांकेतिक भाषेत गुपितं बोलायची नाहीत, कारण कुणीही ऐकलं तरी कळलं पाहिजे. आणि एक वही ठेवायची, तिला लॉगबुक म्हणतात. तारीख, वेळ, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर, कुणाशी बोललो. दूधवाल्याचा नि वाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या बायकांना हे शिकवायला नको.

एक इशारा मात्र देते. मुलांसाठी म्हणून ऑनलाइन स्वस्तातले वॉकीटॉकी मागवू नका. अगदी कमी ताकदीच्या ठरावीक सेटना २०१८ पासून परवान्यातून सूट आहे, पण विकले जाणारे सगळेच त्यात बसत नाहीत. २०२५ च्या मे महिन्यात ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा विक्रीबद्दल बड्या ऑनलाइन कंपन्यांना नोटिसा काढल्या होत्या. विकत घेतला की पंचाईत आपलीही होऊ शकते.

यंग लेडी, वय काहीही असो

हॅमच्या दुनियेत पुरुषाला 'ओएम', म्हणजे ओल्ड मॅन म्हणतात. सोळा वर्षांचा पोरगाही ओल्ड मॅन. आणि बाईला 'वायएल', म्हणजे यंग लेडी. सत्तरीची आजी सुद्धा यंग लेडी! बायकोला मात्र 'एक्सवायएल', माजी यंग लेडी. ते वाचून मी चिडले होते. ताई म्हणाली, "चिडू नकोस. आपण परीक्षा पास झालो की आपणही वायएलच."

अमेरिकेत १९३९ मध्ये बायकांनी स्वतःची यंग लेडीज रेडिओ लीग काढली. गप्पा संपवताना हॅम '७३' म्हणतात, म्हणजे नमस्कार, कळावे. पण दोन बायका बोलत असल्या की '३३' म्हणतात. एका बाईकडून दुसरीला मैत्रीचा निरोप. तो पुरुषांना पाठवायचा नाही, असा अलिखित नियम.

आणि छोट्या गावातल्या मैत्रिणींनो, इथे आपण शहरातल्यांपेक्षा वरचढ आहोत. फ्लॅटमध्ये अँटेना लावायची म्हटलं की सोसायटी आडवी येते. आपल्याकडे स्वतःची गच्ची असते, अंगण असतं, नारळाचं झाड असतं. हॅमच्या लोकप्रिय ४० मीटर पट्ट्यासाठी साधारण २० मीटर लांबीची तार पुरते. दोन टोकांना बांधायची, मध्ये वायर जोडायची. कपडे वाळत घालायची दोरी आपण बांधतोच की!

ताईचं दुसरं लायसन्स

त्सुनामीनंतर पेपरात भारती प्रसाद यांची बातमी आली. ताईनं ती कापून ठेवली. तेव्हा तिची मुलगी दुसरीत होती. त्या रात्री तिनं नवऱ्याला पहिल्यांदा ते साडीतलं लायसन्स दाखवलं. तो म्हणाला, "इतकी वर्षं बोलली का नाहीस?" या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हतं.

जुन्या लायसन्समागे न लागता ताईनं सरळ पुन्हा परीक्षा दिली. पुन्हा वाट पाहणं आलं. लायसन्स हातात पडायला फार दिवस लागतात, ही हॅम मंडळींची जुनीच तक्रार. आणि पुन्हा पोलीस चौकशीला आले. या वेळी सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी पोलिसांना चहा दिला आणि सांगितलं, "आमच्या सूनबाईंना सरकारचं लायसन्स मिळणार आहे रेडिओचं." शेजारच्या बाईंनी विचारलं तेव्हाही त्यांनी तेच सांगितलं, जरा मोठ्यानं.

आता ताईच्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत टेबलावर सेट आहे. भिंतीवर फ्रेममध्ये लायसन्स आहे. त्यावर स्टेशनचा पत्ता तिच्या घरचा. सकाळी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ती बोलते, मग लॉगबुक मिटते आणि कणीक मळायला घेते. परवा मी तिच्याकडे गेले होते. पलीकडून कुठल्या तरी गावची बाई बोलत होती, आवाज खरखरत येत होता. निरोप घेताना ताई म्हणाली, "थर्टी थ्री." पलीकडूनही तेच आलं. ताईनं वहीत वेळ लिहिली आणि मला म्हणाली, "चल, चहा टाकते."

लायसन्स काढायचंय?

• वय १२ वर्षं पूर्ण हवं. वरची मर्यादा नाही. सायन्सची पदवी लागत नाही.

• परीक्षा केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची असते. रेडिओची प्राथमिक माहिती आणि नियम, असे दोन भाग. मुंबई आणि नागपूरच्या सरकारी मॉनिटरिंग स्टेशनांवर या परीक्षा होत आल्या आहेत.

• परवान्याच्या दोन पायऱ्या आहेत. रिस्ट्रिक्टेडला मोर्स लागत नाही, सुरुवात इथून करा. जनरलसाठी मोर्सचे मिनिटाला ८ शब्द यावे लागतात, असा नियम राहिला आहे.

• आधी लायसन्स, मग ट्रान्समीटर. उलटा क्रम केला तर गुन्हा ठरू शकतो.

• २०२३ साली संसदेनं जुन्या कायद्यांच्या जागी नवा दूरसंचार कायदा केला. त्याखालचे नियम टप्प्याटप्प्यानं येत आहेत. म्हणून फी, फॉर्म आणि कागदपत्रं अर्ज करण्याआधी विभागाच्या 'सरल संचार' पोर्टलवर पाहून घ्या. अर्ज भरायला कॉलेजातल्या मुलीची मदत घ्या. तिलाही गोडी लागेल.

• लग्न, बदली, नवं घर, काहीही असो, पत्ता बदलला की लगेच कळवा. ही ताईची खास सूचना.